ऑडिओ इंटरफेस घेताना नुसतं भोक बघू नका

संपादक महोदय,

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घेतला तो यूएसबी-सी बघून, म्हटलं जुन्यापेक्षा फास्ट असणार, आणि घरी येऊन माहितीपत्रक वाचलं तर आत यूएसबी २.०च! सी हा नुसता पिनेचा आकार आहे हो, वेग वेगळा. पण गंमत म्हणजे काही अडलं नाही, कारण २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, प्रत्येक २४ बिटचं) एक चॅनल, म्हणजे एका माईकचा आवाज, सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट खातो आणि यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० आहे, म्हणजे दोन माईकसाठी थंडरबोल्टचे (यूएसबी २.० पेक्षा वेगवान जोडणीचे) जादा पैसे कशाला?

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येतो ना, ते बहुतेक वेळा ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) आणि बफरमुळे (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवला जाणारा तुकडा). १२८ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) बफर म्हणजे ४८ किलोहर्ट्झला साधारण २.७ मिलीसेकंद, १०२४ केला की २१, मग ताल चुकणारच. विंडोजवाल्यांनी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर हा उशीर कमी करणारा) आहे का ते आधी बघा.

थंडरबोल्टवाला घेतलात तर एक लक्षात ठेवा, तो साध्या यूएसबी-सी पोर्टात बसतो पण चालेलच असं नाही, पोर्टाशेजारी विजेची खूण बघा. आणि स्वस्तात मिळतोय म्हणून जुना फायरवायरवाला (ही एक जुनी जोडणी) तर घेऊच नका, नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं.

आपला,
एक हौशी वाचक