पहिल्या भेटीत माणसाला त्याचं जग विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी फॅमिली काउन्सेलर आहे. थेरपिस्टच्या जागा वाढवा अशी मागणी आम्ही सगळेच करतो आणि ती बरोबरच आहे, पण समोरच्याचं घर, भाषा, श्रद्धा काही न विचारता थेरपी सुरू केली तर जागा भरूनही माणसं दुसऱ्या सेशनला येत नाहीत हो.

पहिल्या भेटीत फॉर्म भरून घेतात, झोप लागते का, भूक लागते का, जीव द्यावासा वाटतो का. हे विचारायलाच हवं. पण हा त्रास कशामुळे सुरू झाला असं तुम्हाला स्वतःला वाटतं, घरचे त्याबद्दल काय म्हणतात, आधी कुणाकडे गेला होतात, घरातल्या मोठ्यांकडे, धर्मगुरूंकडे, आणि तिथे बरं वाटलं का, हे कुणी विचारतच नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या त्यांच्या पुस्तकात, नेमके असे १६ प्रश्न दिलेत, नातेवाइकांना विचारायचे वेगळे आहेत. म्हणजे नव्याने काही शोधायचं नाहीये, वापरायचं आहे.

कुटुंबाच्या बाबतीत तर फारच गोंधळ होतो. जिचं घर, पैसा, मुलांचा सांभाळ सगळं एकत्र कुटुंबात अडकलंय तिला थेट "बाउंड्री आखा, स्वतःचा विचार करा" सांगितलं की ती घरी जाऊन आणखी एकटी पडते, आणि दुसरीकडे काही थेरपिस्ट संस्कृतीच्या नावाखाली "जरा जुळवून घ्या" म्हणून मोकळे होतात. मला हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. संस्कृती समजून घेणं म्हणजे मारहाण झाकणं नव्हे. जोडपं आलं की दोघांशी आधी वेगवेगळं बोलायलाच पाहिजे, कारण नवऱ्यासमोर खरं बोललेली बाई त्याच्याच सोबत घरी परत जाणार असते.

आणि प्लीज, मुलांना दुभाषे करणं थांबवा. आईबापाला दवाखान्याची भाषा येत नाही म्हणून दहाबारा वर्षांचं पोर मध्ये बसवतात, मग आई नवऱ्याबद्दल काय बोलणार आणि ते पोर काय ऐकणार? ट्रेनिंग घेतलेला, गुप्तता पाळणारा दुभाषी हवा, फोनवर का असेना.

पैसे नाहीत हे उत्तर येईल म्हणून सांगते, झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये फ्रेंडशिप बेंच सुरू केलं, दवाखान्याच्या आवारातला बाक आणि त्यावर वस्तीतल्याच ट्रेनिंग दिलेल्या आज्या. लोकांच्या भाषेत बोलतात, एकेक अडचण सोडवायला मदत करतात, आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत त्याने डिप्रेशन, एन्झायटी कमी झाल्याचं दिसलंय. आज्यांना सुपरव्हिजन, म्हणजे जाणकारांची नियमित देखरेख आणि मार्गदर्शन, मात्र असते, हे विसरून नुसते बाक टाकू नका.

तर मागणी एवढीच, पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये सुरुवातीला सांगितलेले ते प्रश्न घाला आणि ते विचारायला त्या भेटीचा वेळ वाढवून द्या, आत्ता मिळतो तेवढ्या वेळात ते होणार नाहीत. थेरपिस्टना एकदाच वर्कशॉप आणि सर्टिफिकेट देऊन सोडू नका, नियमित सुपरव्हिजन द्या. दुभाषांसाठी वेगळी तरतूद करा. आणि हे ठरवताना जे थेरपी अर्धवट सोडून गेले त्यांना बोलावून का सोडली ते विचारा, फक्त आम्हा प्रोफेशनल लोकांची कमिटी बसवू नका.

आपली,
एक फॅमिली काउन्सेलर