'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा' मानदंड कसा?

'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा'ला विज्ञानपटांचा मानदंड ठरवणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला; मत पटले नाही. २०१९च्या व्हेनिस महोत्सवात प्रथम दाखवलेल्या या चित्रपटाकडून मोठी अपेक्षा होती. ब्रॅड पिटचा अभिनय संयत आहे, हे मान्यच. पण नेपच्यूनजवळ असलेल्या बापाच्या शोधात गेलेला नायक पत्र्याची ढाल धरून नेपच्यूनच्या कड्यांतून दगडांचा मारा झेलत यानाकडे झेपावतो. 'व्हॉयेजर-२' या अवकाशयानाने १९८९मध्ये टिपलेली ती कडी अतिशय विरळ, धुळीची आहेत. पुढे तो अणुस्फोटाच्या धक्क्यावर घरी निघतो. धक्का वाहून न्यायला अवकाशात हवा कुठे आहे? नेपच्यूनवरून संदेश पृथ्वीवर यायला सुमारे ४ तास लागतात. बाप-लेकांतील दुराव्याच्या कथेत या विलंबातच केवढे नाट्य होते! दिग्दर्शक जेम्स ग्रे यांनी ते हातचे घालवले, याची खंत वाटते.

– एक वाचक, पुणे