बाबांचं बीपी, युरिक ॲसिड आणि बंद झालेलं वरण

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

लातूरचा रिपोर्ट नीट वाचला. युरिक ॲसिड 7.8, पुढे आकडा जास्त असल्याची चांदणी छापलेली, म्हणून बाबांच्या ताटातलं वरण बंद झालं. त्याच फाईलमध्ये बीपी लिहिलंय 158/68. त्याच्यापुढे चांदणी नाही, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही. मला काळजी त्याचीच आहे.

158 मधून 68 गेले की 90 उरतात. ह्या फरकाला पल्स प्रेशर म्हणतात. एरवी तो 40 च्या आसपास असतो. उतारवयात 60 किंवा वर गेला की मोठ्या धमन्या ताठ झाल्या असं समजायचं. बाबा, मोटर सुरू केल्यावर नवी रबरी नळी जरा फुगते आणि पाण्याचा धक्का पोटात घेते. चार उन्हाळे खाल्लेली कडक नळी फुगत नाही, सगळा धक्का पुढच्या जोडावर बसतो. हृदयातून निघणारी महाधमनीही प्रत्येक ठोक्याला ताणली जाते आणि दोन ठोक्यांच्या मधे आवळून रक्त पुढे ढकलते. वय, साखर, तंबाखू, वर्षानुवर्षांचं बीपी यांनी तिच्यातले लवचीक धागे तुटतात. मग वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. म्हणून "खालचा 68, म्हणजे छान" असं धरू नका. हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, ह्याच खालच्या दाबावर. म्हणजे कष्ट वाढले आणि खुराक कमी झाला.

मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लाट किती वेगानं जाते हे मोजायचं यंत्र असतं. वेग सेकंदाला 10 मीटरच्या वर म्हणजे धमनी ताठ. पण त्यासाठी संभाजीनगर गाठायची आत्ता गरज नाही, वजाबाकीवर भागेल. मात्र वजाबाकी खरी हवी तर मोजणं खरं हवं. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. बाजेवर पाय लोंबकळत नको, मांडीही नको; खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. आई, कफ बंडीच्या बाहीवरून नको, उघड्या दंडावर बांध, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेव. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोज. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढायची; ती 135/85 च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवायचीच. एकदा उभं राहून तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा 20 नं पडला तर तेही सांगा, कारण नुसती गोळी वाढवली तर न्हाणीत तोल जायचा.

आता युरिक ॲसिड. ते वाढलेल्यांना हृदयविकार जास्त दिसतो हे खरं. पण त्याच लोकांना बीपी, साखर, किडनीचा त्रासही असतो. ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या 5,700 हून अधिक रुग्णांवर, सगळे साठीपुढचे आणि गाऊट (युरिक ॲसिडनं सांधे सुजण्याचा आजार) नसलेले, ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी देऊन बघितलं. निकाल 2022 मध्ये आला: हार्ट ॲटॅक, लकवा, हृदयविकारानं मृत्यू, काहीच कमी झालं नाही. सांधा लाल होऊन सुजत नसेल तर मेडिकलमधून ही गोळी आणून सुरू करू नका. क्वचित तिच्यानं अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठतं.

त्यापेक्षा बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 लिहिलं असेल तर तीच लघवी वाढवणारी गोळी युरिक ॲसिडही वाढवते. स्वतः बंद करू नका, पण डॉक्टरांना दाखवा. बीपीचीच लोसार्टन ही गोळी उलट ते थोडं उतरवते. शिवाय रक्त दिलं वैशाखात, दिवसभर रानात घाम गाळून. पाणी कमी पडलं तरी आकडा चढतो. पुन्हा तपासाल तेव्हा सोबत क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणीही करा. आणि गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक रोज नको, ती बीपीही चढवते आणि किडनीलाही मारते.

आई, तुरीचं वरण परत सुरू कर. प्युरिनपासून अंगात युरिक ॲसिड बनतं खरं, पण डाळीतल्या प्युरिननं गाऊट वाढत नाही. कलेजी, दारू आणि बाटलीतलं गोड थंड पेय बंद कर. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

वहीच्या पानाचा फोटो आठव्या दिवशी पाठवा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटंही पिशवीत घ्या.

तुमची लेक