साळूला कुठंही पाठवणार नाही

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास की आई ती दोन्ही मांजरं कुणाला तरी देऊन टाक, पप्पांचं करतेस तेवढं बास झालं. पप्पा शेजारीच बसले होते म्हणून मी विषय बदलला. तसंही फोनवर मला मुद्द्याचं धड बोलता येत नाही, म्हणून आता हे टाईप करत बसलेय, लांबलचक होईल, जेवणाच्या सुट्टीत निवांत वाच पण पूर्ण वाच.

मांजरं कुठंही जाणार नाहीत. रागावून सांगत नाहीये रे, तुझी काळजी मला कळते, तिकडे पुण्यात बसून तुला आई एकटी राबताना दिसते. पण देऊन टाक म्हणजे कुणाला? साळूची किडनी गेलीय, पिंट्याच्या हिरड्या कायम सुजलेल्या, अशी म्हातारी आजारी मांजरं मागून नेणारा मला तरी कुणी माहीत नाही. शेवटी त्याचा अर्थ पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडून येणं असाच होतो, आणि मे महिन्याच्या या ४४ डिग्रीत साळू तिथं दोन दिवस काढणार नाही.

आपल्या घरात सध्या काय चाललंय ते तुला नीट सांगते म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल. पप्पांना पाणी मोजून द्यायचं आणि साळूला पाणी पाज पाज पाजायचं, दिवसभर हेच. पप्पांची पण किडनी गेलेली, लघवी जेमतेम होते, त्यामुळं प्यालेलं सगळं अंगात साठतं, पाय सुजतात, दम लागतो, पुढच्या डायलिसिसला वजन दोन-अडीच किलोनं वाढलेलं निघालं की एवढं पाणी चार तासात खेचताना बीपी पडतो आणि पायात असे गोळे येतात की बघवत नाही. म्हणून चहा, आमटी, ताक सगळं धरून दिवसाचं माप ठरलेलं. साळूचं बरोबर उलटं, तिची किडनी पाणी धरूनच ठेवत नाही, जेवढं पिते तेवढं मुतते आणि आतून कोरडी पडत जाते. म्हणून घरभर वाट्या मांडल्यात, पसरट, खाण्यापासून लांब ठेवलेल्या, कारण खाण्याशेजारचं पाणी ती पीत नाही. चिकनचं पाणी पण देते, मीठ नाही, कांदा-लसूण अजिबात नाही, ते मांजरांना विष असतं. आता विचार कर, भर उन्हाळ्यात पप्पा कॉटवर बसून एक बर्फाचा खडा चघळतायत आणि समोर मी मांजरीला पी गं बाई पी म्हणून विनवतेय. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटायचं, वाट्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या, तर पप्पाच म्हणाले इथंच राहू दे, ती प्यायली की मला दिसतं तरी.

डायलिसिसच्या टेक्निशियननं सांगितलं की एका वेळेला मशीनमधून सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी फिरतं. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसाआड पाणी, ड्रम भरून ठेवणारी माणसं आपण, मी ऐकून गपच झाले.

खाण्याचं पण सांगते. दोघांच्या रिपोर्टात तेच शब्द, क्रिएटिनिन, फॉस्फरस, किडनी बिघडली की रक्तात साठत जाणारे, मी एकाच फायलीत लावलेत, वरती पप्पांचे, खाली साळूचे. शेंगाची चटणी बंद, त्यात फॉस्फरस पण आणि पोटॅशियम पण आणि वरून मीठ, आणि सोलापूरच्या माणसाला भाकरीबरोबर शेंगाची चटणी नाही म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पप्पा पहिले पंधरा दिवस बोललेच नाहीत माझ्याशी नीट. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. डायलिसिसवर प्रोटीन मात्र लागतं, म्हणून रोज अंडी उकडते, पांढरं पप्पांना. पिवळ्यात फॉस्फरस जास्त म्हणून ते पप्पांना पण नाही आणि साळूला पण नाही, ते कुस्करून पिंट्याला जातं, त्याला तसंही मऊच लागतं. फॉस्फरस कमी करायची गोळी पप्पांना जेवतानाच घ्यायची असते, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही, आणि साळूची त्याचसाठीची पावडर पण तिच्या खाण्यातच कालवायची. मग काय, दोघांची ताटं एकदमच वाढते. वेगळा वेळ जात नाही रे, तुला वाटतं तेवढा.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते. पप्पांचं डायलिसिस मंगळ, गुरू, शनी. साळूला कातडीखाली सलाईन सोम, बुध, शुक्र. हे सलाईन पप्पा देतात. सुई मी टोचते, बाकी सगळं ते. आदल्या दिवशी मशीनवरून आलेला माणूस काय दमलेला असतो तू पाहिलंयस, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडतात, कुणी आलेलं पण नको असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उठून आरएलची म्हणजे सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवतात, हाताला लावून बघतात, खिडकीच्या गजाला अडकवतात, नळीतली हवा काढतात. पप्पा एमआयडीसीत कामाला असताना आणलेला तो सेकंडचा, म्हणजे किंचित दोष निघालेला, जाड टॉवेल आठवतो का, निळा, त्यात साळूला गुंडाळायचं, फक्त डोकं आणि मान बाहेर. मी दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलते आणि सुई आडवी घालते. सरळ खुपसली तर ती दुसऱ्या बाजूनं बाहेर निघते आणि सगळं पाणी केसांवर सांडतं. पप्पा नळीवरचा रोलर सोडतात, डोळे बाटलीच्या रेघांवर, आणि शंभर मिली झालं की बास म्हणतात. तेवढ्या वेळात तिच्याशी बोलत असतात हळूहळू, झालं गं, थोडंच राहिलंय, मलापण टोचतात की. तिच्या पाठीवर पाण्याचा फुगा येतो तो संध्याकाळपर्यंत पायाकडं उतरतो आणि जिरतो, त्याला घाबरायचं नसतं.

बाळा, आठवडाभर सगळे पप्पांचं करतात. नर्स करते, मी करते, रिक्षावाला हात धरून उतरवतो, तू पैसे पाठवतोस. आयुष्यभर कारखान्यात चार माणसं हाताखाली सांभाळलेला माणूस तो, त्याला हे किती जड जातं ते बोलत नाहीत पण मला दिसतं. आता साळूचं तेवढं एक काम त्यांच्या हातात राहिलंय, आणि ते चुकवत नाहीत. म्हणून म्हणते देऊन टाक हा शब्द पप्पांसमोर काढू नकोस.

इन्फेक्शनचं तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, त्यात मी ढिलाई करत नाही. डायलिसिससाठी पप्पांच्या मानेत नळी होती तेव्हा दोन्ही मांजरांना पप्पांच्या खोलीत घेतच नव्हते. आता डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई घालायला ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या, त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं, ते रोज सकाळी बघायचं असतं, थांबलं तर लगेच हॉस्पिटल. त्या हातावर ओरखडा नको, चाटणं नको, त्या हातानं टॉवेल धरायचा नाही, बाटली ते उजव्या हातानंच हाताळतात. दोघांची नखं मी कापते, रेतीचा ट्रे मी साफ करते, आणि सलाईन झालं की पप्पा साबणानं हात धुतात. डॉक्टरांना विचारूनच चाललंय सगळं. आणि पप्पांच्या गोळ्या डब्यात झाकण लावून ठेवते, कारण पॅरासिटामॉलची एक गोळी सुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, त्यांच्या लिव्हरला ती पचवता येत नाही. कुणी पाहुणे आले आणि तापाची गोळी टेबलावर ठेवली की मी आधी ती उचलते.

लोक बोलतात. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, काय करलालाव वहिनी, माणसाचं बघायचं सोडून मांजराला सलाईन! मी काही बोलले नाही. पण तू तसं म्हणू नकोस.

साळूचं किती दिवस, ते मला माहितीय. क्रिएटिनिन चारला आलंय, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की हे बरं होणारं नाही, फक्त तिला बरं वाटत राहील एवढंच आपण करतोय. पप्पांनी ते माझ्याशेजारी बसून ऐकलं आणि घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, खायची थांबली की ओढायचं नाही तिला. मी हो म्हटलं. स्वतःबद्दल ते कधी असं बोलत नाहीत आणि मी विचारत पण नाही, पण त्या दिवशी रिक्षात आम्ही दोघं बरंच काही बोललो असं मला वाटलं.

थकते का, तर हो. रात्री साळू ओकते, मग पुसायला उठा, तेवढ्यात पप्पांच्या पायात गोळा आलेला असतो, मग तो चोळा, आणि सकाळी सहाला परत डायलिसिसची तयारी. तुला मदत करायचीच असेल तर एक काम आहे. माझा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात पावसाळ्याच्या आत करून घ्या. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला धूळ नको, म्हणजे रेतीचा ट्रे आणि सुई दोन्ही मला बंद. पप्पांना सुई टोचवत नाही, हात कापतो. तर तू दहा-बारा दिवस घरून काम घे आणि ये. एक शुक्रवार आधी सुट्टी टाक, गुरुवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं बस, म्हणजे शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर एकदा सुई घालून बघशील, जमेल तुला, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

येताना साळूचं किडनीचं खाणं आण, ओली पाकिटं, सुकं नको, इथं कधी मिळतं कधी नाही. स्कॅल्पव्हेनचा, म्हणजे तिच्या सलाईनच्या सुयांचा, बॉक्स इथं मिळतो, तो आणू नकोस. आणि पप्पांसाठी फळं-बिळं घेऊन येऊ नकोस, शहाळं तर अजिबात नको, सफरचंद चालतं, तेही अर्धं. तारीख कळव म्हणजे मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावते.

आई