‘उकळून प्या’, पण कशासाठी?

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गावाच्या ग्रुपवर निरोप आला : ‘बोअरचे पाणी दूषित आढळले आहे. सर्वांनी पाणी उकळून, गाळून प्यावे.’ शेजारची सून तेव्हापासून चार महिन्यांच्या लेकरासाठी पावडरचं दूध करायला तेच पाणी वीस-वीस मिनिटं खळखळा उकळायला लागली. पातेलं निम्मं होईपर्यंत!

मी निवृत्त आरोग्यसेविका. जुन्या सवयीने पंचायतीत जाऊन तपासणीचा अहवाल मागितला. कपाटातून निघाला, तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची. जंतूंचा पत्ता नव्हता. नायट्रेट, म्हणजे खतं-सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार, मात्र लिटरला ११० मिलिग्रॅम, मर्यादा ४५ची.

नायट्रेट उकळून जात नाही. वाफ पाण्याची होते, ते पातेल्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. त्यातून धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला : रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडू लागतात. म्हणजे सांगितलं ते इमानाने करणारी आईच नेमकी चुकत होती. नशिबाने लेकरू ठीक आहे. आता त्याच्यासाठी वरच्या आळीतल्या, तपासणीत चांगल्या निघालेल्या विहिरीचं पाणी येतं. अर्थात, तेही उकळूनच.

नोकरीत असताना टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर पडली की आम्ही नळावर ओटी टेस्ट करायचो, पाण्यात क्लोरीन उतरलं का ते पाहायला. बाया हंडे घेऊन भोवती उभ्या असायच्या. नळीत थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर भरा; नाही झालं, तर थांबा. क्लोरीन हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, रंग बरोबर कळायचा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. तेही कपाटातच! मग रंग कुणासाठी?

कुठल्या बोअरचं पाणी, त्यात काय सापडलं, बाळाला ते चालेल का, तोवर कुठून भरायचं, एवढं घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायला किती वेळ लागतो? गाडी रोज दारात येतेच, आणि म्हाताऱ्यांकडे कुठे मोबाइल असतो? निदान त्या बोअरच्या तोटीला लाल रंग तरी मारावा. डबा मी आणून देते.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, बुलडाणा जिल्हा
(नाव-पत्ता कळवला आहे)