रिकाम्या रकान्यातली आडवी रेघ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "कॉम्प्युटर तर तुला पंधरा वर्षं येतोय, मग आता कॉलेजात जाऊन काय शिकतेस?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तरच सुचलं नव्हतं. आता सुचलंय, पण फोनवर सांगायला गेले तर आई मध्येच "झोप होते का नीट?" विचारणार. म्हणून पत्र.

बाबा, मला कॉम्प्युटर वापरता येतो, एवढंच. या सत्रात डेटाबेस, म्हणजे यंत्रात माहिती नीट साठवून हवी तेव्हा काढायची सोय, हा विषय आहे. एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० मध्ये मांडलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, ओळी आणि रकाने, आणि ती यंत्रात नेमकी कुठे पडली आहे याची काळजी ती मागणाऱ्याला नसावी. वर्गातल्या विशीतल्या मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र तुमची रजिस्टरं दिसली. रकाना रिकामा सोडला की तुम्ही रागवायचात. "शून्य असेल तर शून्य लिही, माहीत नसेल तर आडवी रेघ मार. कोरं ठेवू नकोस." डेटाबेसात त्या आडव्या रेघेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही. दोन नल एकमेकांशी ताडून पाहिले तर ते सारखे आहेत असंही यंत्र म्हणत नाही, कारण दोन्ही ठाऊक नसलेल्या गोष्टी सारख्या आहेत हे कुणी सांगावं?

तुमचा दुसरा प्रश्न, "आता यंत्रच प्रोग्राम लिहितं, मग तुझा काय उपयोग?" यावर घडलेलंच सांगते. ऑफिसात तक्रार सुटायला सरासरी किती दिवस लागतात, ते काढायचं होतं. मी एआयकडून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून घेतली. एका क्षणात मिळाली, एकही चूक न दाखवता चालली, सरासरी आली सहा दिवस. सगळे खूश. मला रात्री अंथरुणावर पडल्यावर शंका आली. ज्या तक्रारी सुटलेल्याच नाहीत, त्यांच्या दिवसांचा रकाना नल होता आणि सरासरी काढताना नल मोजले जात नाहीत. म्हणजे महिनोन्‌महिने रखडलेल्या तक्रारीच हिशेबातून गायब! यंत्राने विचारलं तेवढंच केलं, विचारलं मीच चुकीचं होतं. सकाळी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आकडा दुरुस्त झाला.

सगळं असं छान चाललंय असं समजू नका. रिकर्शन नावाचा प्रकार आहे, त्यात फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, स्वतःलाच बोलावतं. पहिल्या चाचणीत त्यावरच मी आपटले. शेजारच्या मुलाने दहा मिनिटांत सोडवलेलं गणित मला घरी येऊन दोन रात्री पुरलं. शिवाय अर्धवेळ म्हणजे दर सत्राला निम्मेच विषय, त्यामुळे इतरांची तीन वर्षं ती माझी सहा. पदवी हातात येईल तेव्हा मी बेचाळिशीला टेकलेली असेन. नोकरी सोडणार नाहीये, त्याची काळजी नको. आमच्याच ऑफिसातल्या डेटा विभागात जायचा विचार आहे. जागा निघेल की नाही ते नल आहे. आणि कृपा करून नातेवाइकांना "इंजिनीअर होतेय" असं सांगत सुटू नका, इंजिनीअरिंग नाहीये ते.

मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी वर्ग असतो, तेव्हा फोन उचलला नाही तर घाबरू नका. बाबा, एक काम. माळ्यावर तुमचं एखादं जुनं रजिस्टर असेल तर त्यातल्या एका पानाचा फोटो पाठवाल? प्रकल्पासाठी खऱ्या नोंदींचा तक्ता हवाय. खाडाखोड असलेलं पान असेल तर फारच बरं. नावं तेवढी झाका.

आई, पायथॉन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम कोसळला की लाल अक्षरांत लांबलचक मजकूर येतो. तो खालून वाचायचा, नेमकी चूक काय ते शेवटच्या ओळीत असतं. हे सरांनी सांगितलं तेव्हा वर्गात एकटीच हसले. तूही पत्र हातात आलं की आधी शेवट वाचतेस, सगळं ठीक आहे ना ते बघायला. तर इथूनच सुरुवात केली असशील म्हणून लिहिते: ठीक आहे मी. आणि झोप होते, शनिवारी.

तुमची,
ताई