झेरॉक्सवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर लांबलचक काही वाचत नाही हे माहीत आहे मला, तरी इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण दुकानात आलं की तुम्ही आधी चहा सांगता, मग गिऱ्हाईक येतं आणि माझं बोलायचं राहूनच जातं.

इथे बेळगावात उद्यमबागची नोकरी सुटली तेव्हा घरून ऑनलाईन काहीतरी करायचं एवढं पक्कं होतं, पण काय ते सुचतच नव्हतं. रात्र रात्र व्हिडिओ बघायचे. एका कोर्सला ४,९९९ रुपये घातले, त्यात टी-शर्ट, मोबाईल कव्हर, ड्रॉपशिपिंग अशा पन्नास आयडिया होत्या, आणि वडगावात आईबरोबर राहणाऱ्या मला त्यातली कुठली जमेल ते कुठेच नव्हतं. त्याच नोट्सची प्रिंट काढायला तुमच्याकडे आले होते. पाच-सहा पानं निघाली आणि तुम्ही मशीन थांबवलं. "काय शोधालीस गं एवढं? कागदात कुठली गावत्या आयडिया, लोकं काय मागालेत ते बघ की. चार दिवस हितं बस." आणि काउंटरखालची एक वही काढून दिलीत.

मी बसले, चार नाही, नऊ दिवस. येईल त्या माणसाने काय मागितलं ते लिहायचं, पुन्हा कोणी तेच मागितलं की शेजारी एक रेघ. आधार, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो यांच्या रेघा भराभर वाढल्या, ते तर तुमचं रोजचंच काम. पण एक ओळ अशी होती की ती आधी कामात धरायचीच असते हेच मला कळलं नव्हतं. "ह्यात काय लिहिलंय जरा वाचून सांगा की." पहाणीचा उतारा (कर्नाटकातला सातबाराच म्हणा), तहसीलदार ऑफिसची नोटीस, वीजबिल, सोसायटीचं पत्र, सगळं कन्नडमध्ये, आणि समोर उभा असलेला माणूस आयुष्यभर मराठी शाळेत शिकलेला. तुम्ही वाचून द्यायचात, फुकट. नवव्या दिवशी त्या ओळीपुढे ४३ रेघा होत्या. तुम्ही वही फिरवून बघितली आणि एवढंच म्हणालात, "तू धारवाडला शिकलीस न्हवं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही मामा. कन्नड येतं हे मी बायोडाटात शेवटच्या ओळीत लिहीत होते.

तरी मी लगेच ऐकलं नाही. मला वस्तूच विकायच्या होत्या, आईचा मसाला आणि इथला बासमती तांदूळ कोल्हापूर-पुण्याला पाठवायचा. तुम्ही नको म्हणाला नाहीत, फक्त हिशोब करायला बसवलंत. कोल्हापूर आपल्यापासून ११० किलोमीटर आणि बेंगळूर ५००, पण कोल्हापूरला पार्सल गेलं की राज्य बदलतं, आणि हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर दुसऱ्या राज्यात माल विकायला उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नंबर काढावाच लागतो. सेवेला तसं नाही, तिथे वर्षाला २० लाखांपर्यंत सूट आहे, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. सीमाभागात धंदा काढणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघायला पाहिजे, आपली निम्मी नाती आणि निम्मं गिऱ्हाईक पलीकडे असतंय. त्यात पॅकिंग आणि कुरिअर धरल्यावर किलोमागे माझ्या हातात काय राहत होतं ते तुम्ही पेनाने गोल करून दाखवलंत, ११ रुपये.

मग कागद वाचायचंच काम सुरू केलं. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवायचा, मी पूर्ण वाचून मराठीत व्हॉइस नोट करते आणि खाली मुद्दे टाईप करून देते, पैसे यूपीआयने. दर तुम्हीच ठरवलात, एका पानाला ४० रुपये, आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा विचारावंसं वाटलं तर दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत. आणखी एक नियम तुमचाच, वाचून सांगायचं पण सल्ला द्यायचा नाही, सल्ला वकिलाचा. तो मी आजपर्यंत मोडलेला नाही.

सगळ्यात जास्त पहाण्याच येतात, आणि इथल्यापेक्षा बाहेरून. मुंबई, पुणे, गोव्यात दोन पिढ्या झालेली माणसं, ज्यांची जमीन खानापूर तालुक्यात आहे. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमिनीच्या नोंदींच्या वेबसाईटवर सर्व्हे नंबर घालून पहाणी घरबसल्या बघता येते हे त्यांना माहीत असतं, पण तिथे गावाच्या आधी होबळी, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट, विचारतात आणि तिथेच गाडी अडते, महाराष्ट्रात होबळी कुठे असते. ते पुढे नेलं तर क्षेत्र एकर-गुंठ्यात, सातबारा बघायची सवय असलेला माणूस त्याला हेक्टर-आर समजून बसतो. ४० गुंठ्यांचा एकर, हे मी दिवसातून तीनदा तरी सांगते.

गेल्या महिन्यात ठाण्याहून एका काकांचा फोटो आला, जांबोटीकडची जमीन. ९ नंबरच्या कॉलममध्ये मालक म्हणून त्यांच्या वडिलांचंच नाव, ते जाऊन बरीच वर्षं झालीत. आणि ११ नंबरच्या कॉलममध्ये, जिथे बोजा लिहितात, तिथे सोसायटीचं कर्ज. काका म्हणाले कर्ज तर वडिलांनी म्हैस विकून फेडलंय, पावती घरात आहे. म्हटलं, काका, पावती असेल पण ह्या कागदावर कर्ज तसंच आहे, तुम्ही वकिलाला दाखवा. फोनवर बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, हा कागद बारा वर्षं कपाटात आहे, कोणी वाचूनच दिला नाही गं. त्यांच्याकडून पैसे घेताना मला जड गेलं, पण तुमचं ऐकून घेतले, ८० रुपये.

आता रोज आठ-दहा कागद होतात. घरखर्च निघतो, आईच्या गोळ्या निघतात, आणि दुपारचं काम वाढलं म्हणून गल्लीतली एक मुलगी टायपिंगला घेतली आहे.

मला कोणी पन्नास आयडिया दिल्या असत्या तर मी अजून त्याच चाळत बसले असते. तुम्ही वही आणि स्टूल दिलंत, तुमच्या काउंटरमागची जागा दिलीत, तेही सिझनमध्ये, ॲडमिशनची गर्दी असताना. आणि जे काम तुम्ही स्वतः फुकट करत होतात ते माझ्याकडे वळवलंत, आता दुकानात कोणी कागद घेऊन आलं की माझा नंबर देता. हे किती जण करतील मामा.

वही भरली आहे. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा घरी येते वही घेऊन, मामींना सांगून ठेवा, आई आंबोळ्या करून देणार आहे.

तुमची,
वडगावची भाची